आत्याने लग्न का केले नाही?

प्रश्न : माझी आत्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होती. तिला 1979 मध्ये कमिशन मिळाले आणि ती लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाली. तिने लग्न केले नाही, म्हणून माझे वडील तिच्यावर कायम नाराज राहिले. ‘तिला संसाराची जबाबदारी नको होती, मनिऑर्डर पाठवली की ती मोकळी,’ असे ते आजही म्हणतात. गेल्या वर्षी आत्या वारली. तिच्या ट्रंकेत बदल्यांचे कागद निघाले : पुण्याचे कमांड हॉस्पिटल, मुंबईचे अश्विनी हॉस्पिटल, 1999 मध्ये श्रीनगर, शेवटी खडकी. आम्ही तिला घरात ‘नर्सबाई’ म्हणत असू, याची आता लाज वाटते. वडील 74 वर्षांचे आहेत. त्यांच्याशी हा विषय काढावा का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

विषय जरूर काढावा. मात्र त्याआधी एक नियम तुम्हाला ठाऊक असायला हवा, कारण तुमच्या घरातील बराचसा राग त्या नियमाच्या अज्ञानावर उभा आहे. या सेवेतील स्थायी कमिशनच्या अटी सांगणारी लष्कराची एक सूचना 1977 ची आहे. नेमणूक संपुष्टात आणण्याची जी कारणे तीत दिली होती, त्यांत वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवणे आणि गैरवर्तन यांच्या बरोबरीने ‘लग्न होणे’ हेही एक कारण होते. आजाराच्या आणि गैरवर्तनाच्या पंक्तीला लग्न बसवणारी ही यादी वाचून मला आजही संताप येतो. ती सूचना ऑगस्ट 1995 मध्ये मागे घेण्यात आली. तोवर तुमच्या आत्याच्या नोकरीला सोळा वर्षे झाली होती आणि तिचे वय चाळिशीकडे झुकले असणार.

हा नियम केवळ कागदावर नव्हता. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना लग्न केल्यामुळे 1988 मध्ये सेवेतून मुक्त करण्यात आले. त्या लढत राहिल्या आणि अखेर फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवून त्यांना 60 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. न्यायाला छत्तीस वर्षे लागली. त्या काळात तुमच्या आत्याने लग्न केले असते, तर तिची नोकरी जाऊ शकली असती, आणि नोकरीबरोबर वडिलांच्या हाती पडणारी ती मनिऑर्डरही थांबली असती. वडिलांनी ही बाजू कधी ऐकली नसावी, कारण सांगणारी एकच व्यक्ती होती आणि तिच्याशी त्यांचा अबोला असावा, असे पत्रावरून वाटते.

तरीही एक सावधगिरी बाळगा. आत्याला घाईघाईने त्यागमूर्ती करू नका. नियम नसता तर तिने लग्न केलेच असते, असे तुम्हाला किंवा मला म्हणता येणार नाही. कदाचित तिला हे काम मनापासून आवडत असेल आणि एकटे राहण्यात तिला उणे वाटत नसेल. काल स्वार्थी ठरवलेल्या बाईला आज देवी ठरवणे म्हणजे पुन्हा तिच्या वतीने आपणच बोलणे होय.

लाज वाटते म्हणता, तर ती जाणून घेण्याकडे वळवा. 1943 च्या अध्यादेशापासून या सेवेतील परिचारिका कमिशन मिळालेल्या अधिकारी आहेत, आणि मेजर जनरल गर्ट्रूड अली राम या 1976 मध्ये त्या हुद्द्यावर पोहोचल्या, त्या याच सेवेतून. या अधिकाऱ्यांची नेमणूक तिन्ही दलांच्या रुग्णालयांत होते, म्हणूनच आत्याच्या कागदांत कुलाब्याचे नौदलाचे अश्विनी आहे. श्रीनगरचा कागद मात्र वेगळा काढून ठेवा. कारगिलच्या लढाईत जखमी झालेले जवान तिथल्या 92 बेस हॉस्पिटलमध्ये आणले जात होते. तुमच्या आत्याची नेमणूक त्याच रुग्णालयात, त्याच उन्हाळ्यात होती का, हे तारखा पाहून पडताळा. असेल, तर त्या उन्हाळ्यात ती घरी आली होती का, हे घरातल्या कोणाला तरी आठवेल. खडकीला मिलिटरी हॉस्पिटलखेरीज मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्रही आहे. तिची नेमणूक नेमकी कुठे होती, हे कागदावर लिहिलेले असेल.

वडिलांशी बोलताना नियमापासून सुरुवात करू नका. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसासमोर पुरावे मांडले की तो बचावाला उभा राहतो. आधी बदल्यांचे कागद त्यांच्याकडून तारखेनुसार लावून घ्या आणि त्या त्या वर्षी घरात काय चालले होते, ते विचारा : विहीर कधी खणली, तुमची फी कोणी भरली, आजीचे आजारपण कधीचे. पैसे कुठून आले, हे त्यांचे तेच सांगतील. 1977 ची सूचना त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी सांगा. ते गप्प बसले तर त्यांच्याकडून पश्चात्तापाचे शब्द वदवून घेण्याचा आग्रह धरू नका.

दरम्यान, आत्याच्या तुकडीतील मैत्रिणींचा शोध घ्या. ट्रंकेत पत्रे किंवा शुभेच्छापत्रे असतील, तर त्यांवर पत्ते सापडतील. त्यांना तिच्या निधनाची बातमी बहुधा कळलेली नसेल, आणि ती कळवण्याचे काम तुमचेच आहे.