नवी वेल सापडली, आता पुढे काय?

प्रश्न: आप्पा, नमस्कार. मी रावेर तालुक्यात शाळेवर आहे. नागपंचमीच्या सुट्टीत पालच्या वरच्या अंगाला, जंगलात एक नाजूक वेल दिसली. फूल बोटाच्या पेराएवढं, हिरवट, बुडाशी फुगीर. वर जांभळट पाकळ्या, पाचही टोकं एकमेकांना चिकटलेली. मोबाइलमधलं अ‍ॅप ‘सेरोपेजिया’ म्हणतं, पण पुढची जात दर वेळी वेगळी दाखवतं. ही नवीन प्रजाती असेल का? असेल तर तिला माझ्या आईचं नाव देता येईल का? फोटो सोबत जोडले आहेत.
— एक शिक्षक, रावेर तालुका

उत्तर: गुरुजी, फोटो झकास. अ‍ॅपनं वंश बरोबर ओळखला. हे कंदीलपुष्पच, खरचुडी म्हणतात त्या गोतातलं. जातीचं मात्र अ‍ॅपवर सोडू नका. आणि आईला एवढ्यात काही सांगू नका.

तुमच्याच तिसऱ्या फोटोत बघा. एकाच वेलीवर खाली गोलसर पान आहे आणि वर अरुंद, लांबट. हे पाहिलं की माझा पहिला संशय सेरोपेजिया बल्बोसावर जातो. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञ साहेबानं १७९५ मध्ये नोंदवलेली ही जात पानांच्या बाबतीत अतिशय लहरी. अरुंद पानांच्या वेलींना मागे वेगळं नावही मिळालं होतं, पुढे तीही बल्बोसातच जमा झाली. म्हणून नुसत्या पानावर नवी प्रजाती ठरत नाही. खाली जमिनीत चपटा-गोल कंद असेल तर संशय आणखी वाढतो. तो बोटानं माती सारून बघा, उपटू नका.

खरा निकाल फुलाच्या आत लागतो. एखादं पडलेलं फूल मिळालं तर ब्लेडनं नळी उभी चिरा आणि दहापट भिंगाखाली धरा. नळीत आतून केस असतात, त्यांची टोकं खाली वळलेली. वासानं आलेली चिलटाएवढी माशी आत सरकते, पण या केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. केस कोमेजले की वाट मोकळी होते आणि ती सुटते. सुटताना पराग घेऊन जाते. इथे पराग भुकटीसारखा सुटा नसतो, मेणचट गोळ्यांची जोडी असते आणि ती माशीच्या सोंडेला अडकते. नळीच्या तळाशी ‘कोरोना’ नावाची दोन वेढ्यांची रचना दिसेल. बाहेरच्या वेढ्याचे दात किती खोल चिरलेले, आतले पट्टे सरळ की टोकाला वाकडे, त्यांवर केस आहेत की नाहीत, या बारकाव्यांवर जाणकारांचे वाद झडतात. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. मोजमाप नसलेला फोटो नुसता बघण्यापुरता.

आता नमुन्याचं. तुम्ही लिहिलेली जागा यावल अभयारण्यात येत असेल, तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काडीसुद्धा तोडायची नाही. शिक्षकाचं ओळखपत्र तिथे चालत नाही. परवानगी मिळाली तरी फुलांसकट एक-दोन फांद्या पुरे. त्या वर्तमानपत्रात दाबा आणि कागद रोज बदला, पावसाळ्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही. दाबल्यावर फुलाचा घाट मोडतो, म्हणून दोन फुलं सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवा. रंग उडतो, तो जागेवरच लिहून ठेवा. जागा, उंची, तारीख, किती वेली दिसल्या, कोणत्या झाडाझुडपावर चढल्या होत्या, हेही. शेंगा धरल्या तर फारच उत्तम. त्या जोडीनं येतात, आत रुईच्या म्हातारीसारखे केस असलेल्या बिया असतात.

मग जुन्या नावांशी ताडायचं. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि उत्साही मंडळी नेमकी हीच पायरी गाळतात. कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा जुना ग्रंथ चाळा, आपला खानदेश त्या इलाख्यातच होता. एम. वाय. अन्सारी यांचा भारतातल्या सेरोपेजियांवरचा १९८४ चा खंड बघा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आणि आघारकर संस्था, दोन्हीकडे वाळवलेले नमुने आहेत. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या संग्रहातल्या मूळ नमुन्यांची छायाचित्रं तर घरबसल्या दिसतात. सगळ्यांशी ताडूनही वेगळेपण टिकलं, आणि तेही एकाच वेलीत नव्हे तर अनेक वेलींमध्ये, तरच ‘नवी’ हा शब्द काढायचा.

तिथवर पोचलात तर एखाद्या वर्गीकरणतज्ज्ञाला सहलेखक करा. वर्णन शोधपत्रिकेत छापून यावं लागतं. आपल्याकडे ‘रीडिया’सारख्या पत्रिकेत असे लेख येतात. २०११ अखेरपर्यंत त्यासाठी लॅटिन वर्णन सक्तीचं होतं, २०१२ पासून इंग्रजीही चालतं. मराठीत लिहिलेलं जोडता येईल, पण तेवढ्यावर नाव ग्राह्य धरत नाहीत. (मला हे पटत नाही, पण मला विचारतो कोण?) नाव ज्याच्यावर बेतलं जातं तो एक नमुना, म्हणजे होलोटाइप, कोणत्या संग्रहालयात ठेवला हेही लेखात सांगावं लागतं.

आईचं नाव देता येतं. त्याला लॅटिनचा स्त्रीलिंगी प्रत्यय लावला की झालं. याच वंशात वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे सरांच्या नावाची ‘महाबळेई’ आहे, सह्याद्रीची ‘सह्याद्रिका’ आहे, पाचगणीची ‘पंचगणिएन्सिस’ आहे. सातपुड्याच्या नावानं एखादी असावी, असं मला फार वाटतं, पण नाव ठेवायचा मान तुमचा. स्वतःचं नाव स्वतः देऊ नका. नियमात बसलं तरी लोक हसतात.

तूर्त वनखात्याकडे अर्ज टाका आणि नळी चिरलेल्या फुलाचे फोटो मला पाठवा. फुलं पोळ्यानंतरही काही दिवस मिळतील, सरकारी कागद मात्र तोवर हलेलच असं नाही. यंदा नाही जमलं तर जागेची खूण पक्की लिहून ठेवा, कंद असेल तर पुढच्या पावसात वेल तिथेच फुटेल.