तुझ्या ताटातलं मीठ

पत्र:
ताई, माझं वय २९. लग्नाला दीड वर्ष झालं, राहते कोपरखैरण्याला, नोकरी ठाण्यात. गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि त्यानंतर तब्येत पहिल्यासारखी झालीच नाही. उभी राहिले की छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा ट्रेनमध्ये रबाळे सुटल्यावर दारापाशी खालीच बसले. डॉक्टरांनी पॉट्स सांगितलं. गोळी चालू आहे, शिवाय दिवसाला तीन लिटर पाणी आणि ८ ते १० ग्रॅम मीठ घ्यायला सांगितलंय. या आजारात प्रतिकारशक्तीही बिघडते असं वाचलं आणि तेव्हापासून झोप उडाली. बहिणीचं बाळ चार महिन्यांचं झालं, त्याला सारखी सर्दी असते म्हणून मी अजून उचललेलं नाही. रोज गुळवेलाचा काढा घेते, इम्युनिटीच्या दोन पावडरीही आहेत. जेवण साधंच. घरात सगळं अळणी असतं, सासूबाईंना बीपी आहे. मला अशक्तपणा आहे एवढंच त्यांना माहीत आहे. नवरा म्हणतो, आईला उगाच टेन्शन नको. माझी प्रतिकारशक्ती किती कमी झाली असेल? ती वाढवायला अजून काय करू?
– एक वाचक

उत्तर:
तुझं मूळ पत्र दोन पानांचं आहे, इथे कापून छापलंय. त्या दोन पानांत प्रतिकारशक्ती जागोजागी आहे आणि मीठ फक्त दोनदा. एकदा डॉक्टरांच्या तोंडून, ८ ते १० ग्रॅम. मग खाली कुठेतरी, जाता जाता, घरातलं अळणी जेवण. दोन्ही वाक्यं तुझ्याच हातची, आणि त्यांची एकमेकींशी गाठ पडली नाही? मी ते पान तीनदा वाचलं. अगं, तू निम्मं औषध घेतच नाहीयेस.

आपण उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मग आपल्या नकळत चालणारी स्वायत्त मज्जासंस्था खालच्या रक्तवाहिन्या आवळते आणि ते रक्त वर ढकलते. तुझ्यात ते आवळणं कमी पडतं, म्हणून हृदय धावून भरपाई करतं. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत ठोके तीस किंवा त्याहून जास्त वाढायचे आणि बीपी मात्र फारसं पडायचं नाही, यालाच पॉट्स म्हणतात. त्यात पॉट्सच्या कितीतरी रुग्णांच्या अंगात मुळात रक्ताचं पाणीच कमी असतं. ते पाणी धरून ठेवतं मीठ. मिठाशिवाय तीन लिटर पाणी प्यायलीस तर बाथरूमच्या फेऱ्या वाढतील, रक्तात फारसं काही उरणार नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२१ साली हे मोजून दाखवलं. पॉट्स असलेल्या बायकांना सहा दिवस अगदी कमी मीठ दिलं आणि सहा दिवस भरपूर. भरपूर मिठाच्या दिवसांत रक्तातलं पाणी वाढलं, उभं राहिल्यावरची धडधड कमी झाली आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं, हृदयाला पळवणारं संप्रेरकही उतरलं. आजार गेला नाही, पण उभं राहणं सोपं झालं. तू मात्र महिनोन् महिने त्या कमी मिठाच्या सहा दिवसांसारखं जगते आहेस.

आता तुझा प्रश्न. पॉट्स हा प्रतिकारशक्ती कमी होण्याचा आजार नाही, त्या यादीत तो धरतच नाहीत. तू वाचलंस त्यात तथ्य आहे, पण ते वेगळं आहे. स्वायत्त मज्जातंतू प्लीहा, लसिका ग्रंथी आणि हाडांच्या मगजापर्यंत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या घरापर्यंत, पोचलेले असतात. पांढऱ्या पेशी त्यांचे निरोप ऐकतात, आणि त्यातला एक निरोप्या म्हणजे हेच नॉरअ‍ॅड्रेनलिन. २००० साली न्यूयॉर्कच्या केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की व्हेगस हा स्वायत्त मज्जातंतू चेतवला की शरीरातला दाह आवरतो. तेव्हा ही मज्जासंस्था बिघडली तर प्रतिकारशक्तीच्या कामावरही परिणाम होईल, हा विचार चुकीचा नाही. शिवाय विषाणूच्या आजारानंतर पॉट्स सुरू होणं नेहमीचं आहे आणि या रुग्णांत हाशिमोटोसारखे, म्हणजे प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते असे, आजार जास्त दिसतात. म्हणून संशय आहे तो प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा. तोही अजून पक्का नाही. ज्या अँटीबॉडीजवर बोट ठेवलं होतं त्या २०२२ च्या तपासणीत निरोगी लोकांतही तितक्याच निघाल्या. म्हणजे 'किती कमी झाली' हा तुझा प्रश्नच तुझ्या आजाराला लागू पडत नाही. वर्षातून दोनदा न्यूमोनिया, सारखी अँटिबायोटिक्स, असं काही असतं तर मी तुला आधी रक्त तपासायला पाठवलं असतं. तुझ्या पत्रात वर्षभरात दोन सर्द्या आहेत. ठाण्या-नवी मुंबईच्या पावसाळ्यात दोन सर्द्या कुणाला होत नाहीत? तुला त्या आडवं करतात, कारण ताप आला की घाम जातो, जेवण सुटतं आणि आधीच कमी असलेलं पाणी आणखी घटतं.

काढा आजपासून बंद कर. प्रतिकारशक्ती उलटल्याचा संशय जिथे आहे तिथे तिला चाबूक कशाला मारायचा? २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. त्यांचा वाद त्यांच्यापाशी, तू तुझ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नकोस. पावडरीही दाखव त्यांना.

पण मीठ का सुटलं? बीपी असलेल्या सासूबाईंसमोर मीठ मागायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर आजाराचं नाव घ्यावं लागणार. म्हणून तू गप्प, नवरा गप्प. सासूबाईंना वाटतंय सून थोडी अशक्त आहे, आणि सून रोज त्यांच्यासमोर अळणी दुधीभोपळा गिळून उठताना टेबलाची कड धरते आहे. याला तू समजूतदारपणा म्हणत असशील, मी म्हणणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे हा, आणि तोंड तुझं तूच दाबलंयस. तुझ्या नवऱ्याला सांग, टेन्शन आईला नाही आलं, ते रबाळ्याच्या पुढे ट्रेनच्या दारात येऊन बसलं. आणि दारापाशी, म्हणे! हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

माझ्या सासूलाही बीपी होतं. तिची वाटी आधी काढायची आणि मग कढईत मीठ घालायचं, वीस वर्षं मी हेच केलं. त्याला चमचा ढवळण्याएवढा वेळ लागतो.

तेव्हा एकच कर, आणि आज रात्रीच कर. जेवायला बसण्याआधी डॉक्टरांचा कागद सासूबाईंच्या हातात दे आणि आजाराचं नाव त्यांना तुझ्या तोंडून सांग. नवऱ्याला सांगायला लावू नकोस. मग त्यांच्यासमोर तुझं मीठ वेगळ्या डबीत मोजून ठेव. दोन सपाट चहाच्या चमच्यांहून थोडं कमी, एवढा साधारण तुझा दिवसाचा कोटा, स्वयंपाकातलं, ताकातलं, लोणच्या-पापडातलं सगळं धरून. सैंधवही मीठच, तेही याच कोट्यात धरायचं. (बाकी वाचकांनो, हे फक्त तिच्यासाठी, तिच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं आहे. तुम्हाआम्हाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायचंय, आणि बीपी, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर या डबीकडे बघायचंही नाही. तुला दिवस राहिले तर तूही आधी डॉक्टरांना विचार.)

सासूबाई घाबरतील. दोन दिवस ‘एवढं मीठ?’ म्हणतील. म्हणू देत. घरात त्यांचं बीपीचं मशीन असेलच. सकाळी पाच मिनिटं पडून ठोके मोज, मग भिंतीला टेकून उभी राहा आणि दहाव्या मिनिटापर्यंत मोजत राहा. त्यांना शेजारी बसव, आकडे त्यांनाच लिहू दे, आणि चक्कर वाटली तर तिथेच बस. पंधरा दिवसांचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि जमलं तर त्यांनाही बरोबर ने.

आणि बहिणीकडे या रविवारी जा. बाळाची सर्दी लागली तर लागेल, तेव्हा पाणी आणि मीठ जास्त जपायचं, एवढंच. हात धू आणि घे त्याला. फक्त पहिल्यांदा घेशील तेव्हा उभ्याने नको, खुर्चीत बस आणि त्याला मांडीवर द्यायला सांग.