आधी उजेड जुळवा, मग पोर्ट निवडा

प्रश्न : नमस्कार भाऊ. हिंगणघाट तालुक्यात आमची छोटी जिनिंग आहे. ऑफिसपासून वजनकाटा अन् कापसाच्या गंजीवरचे कॅमेरे २८० मीटरवर. आधी मध्ये दोन स्विच लावून कॅट-६ (तांब्याची नेटवर्क वायर) नेली होती, पण दोन पावसाळ्यांत दोनदा वीज कडाडली अन् दोन्हीकडचे पोर्ट जळाले. आता चार कोरची (आत चार काचेचे धागे असलेली) सिंगल मोड फायबर टाकून घेतली, दोन्ही टोकांना फायबरच्या जोडडबीतून निळे एससी कनेक्टर काढून दिले आहेत. दुकानातून एका फायबरवर चालणारे दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या वायरीचं नेटवर्क फायबरवर नेणारे डबे) आणले, दोन्ही अगदी सेम. आरजे-४५ चा (कॅट-६ च्या बाजूचा) लाइट लागते, फायबरचा लागतच नाही. दुकानदार म्हणते एलसीवालं घ्या. मले काही समजून नाही राहिलं, एससी घेऊ, एलसी घेऊ का एसएफपी स्लॉटवालं (फायबरचं मॉड्यूल वेगळं खोचायचं)?

उत्तर : भाऊ, गडबड तुमच्या 'अगदी सेम' या दोन शब्दांत आहे. एका फायबरवर चालणाऱ्या जोडीत जाणारा अन् येणारा उजेड एकाच काचेतून जाते, म्हणून दोन्हीकडच्या उजेडाची वेव्हलेंथ वेगळी ठेवावी लागते. एक डबा १३१० नॅनोमीटरवर पाठवतो अन् १५५० वर ऐकतो, समोरच्यानं बरोबर याच्या उलटं करायला पाहिजे. डबा उलटा करून खालचं स्टिकर वाचा. दोन्हीवर टीएक्स (पाठवणं) १३१०, आरएक्स (ऐकणं) १५५० लिहिलं असेल तर दोघंही १३१० वर बोलून राहिले अन् दोघंही १५५० ची वाट पाहून राहिले, लिंक लागणार कुठून? यात एक 'ए' अन् एक 'बी' अशीच जोडी घ्यावी लागते. त्यामुळे पोर्ट बदलू नका, एक डबा बदलून आणा.

आता एससी का एलसी. एससी म्हणजे चौकोनी, थोडा मोठा, ढकलला की टक् करून बसणारा, त्याच्या पुढचा पांढरा दांडा अडीच मिलिमीटर जाड. एलसीचा दांडा त्याच्या निम्मा, १.२५. जुन्या कॉलेजात किंवा कारखान्यात गोल फिरवून लॉक होणारा एसटीही दिसते. पण हा सगळा झाला आकाराचा प्रश्न, अन् आकार पॅचकॉर्डनं मिटते, एका टोकाला एससी अन् दुसऱ्याला एलसी अशी कॉर्ड मिळते, म्हणून लोकं इथंच जास्त डोकं लावतात याचं मला वाईट वाटते. जे कॉर्डनं मिटत नाही ते आधी बघा. फायबर सिंगल मोड असेल तर डबाही सिंगल मोडचाच पाहिजे, कारण सिंगल मोडचा कोर, म्हणजे काचेच्या धाग्यातला उजेड जाणारा मधला भाग, ९ मायक्रॉनचा अन् मल्टिमोडचा ५० किंवा ६२.५ चा. वेव्हलेंथचं वर सांगितलंच. तिसरं स्पीड. आरजे-४५ ची बाजू १०, १००, १००० समोरच्याशी बोलून ठरवून घेते, फायबरची बाजू तसं करत नाही, एकीकडे १०० चा अन् दुसरीकडे गिगाबिटचा डबा लावला तर फायबरचा लाइट लागणारच नाही. कनेक्टरचा रंगही बघा, निळा सरळ घासलेला असते, हिरवा ८ अंश तिरपा, हिरवा निळ्यात जबरदस्तीनं घुसवू नका, दोघांची तोंडं नीट टेकत नाहीत.

दुकानदार एक डबा बदलून देत असेल तर तेवढंच करा अन् कामाला लागा. दोन्ही परत घेत असेल तर मात्र मी दोन फायबरवाले, एससी पोर्टचे, गिगाबिट, सिंगल मोड २० किलोमीटरवाले घेईन. तुमच्याकडे चार कोर आहेत, दोन वापरले तरी दोन शिल्लक राहतात, अन् मोठी गोष्ट म्हणजे यात दोन्हीकडचे डबे खरंच सेम असतात. ऐन सीझनमध्ये, बाहेर गाड्यांची लाइन लागली असताना काट्यावरचा डबा गेला तर कपाटातला एकच स्पेअर कोणत्याही टोकाला चालते, ए-बी शोधत बसावं लागत नाही. लावताना फक्त एकीकडचा टीएक्स दुसरीकडच्या आरएक्समध्ये जाईल हे पाहा, लाइट नाही लागला तर एका टोकाच्या दोन पिना (कनेक्टर) अदलाबदल करा. अन् जास्त पॉवरचं चांगलं असेल म्हणून ८० किलोमीटरवालं आणू नका, २८० मीटरवर त्याचा उजेड समोरच्या रिसीव्हरला झेपत नाही.

एसएफपी स्लॉट कधी? ऑफिसच्या स्विचलाच एसएफपीची जागा असेल तर मॉड्यूल सरळ स्विचमध्ये जाते, त्या टोकाला कन्व्हर्टरच लागत नाही, एक डबा अन् एक अडॅप्टर कमी. फक्त तुमचा स्विच ते मॉड्यूल घेते का हे आधी विचारा. मॉड्यूलचं तोंड बहुतेक एलसी असते, तिथं वर सांगितलेली कॉर्ड लावा.

जिनिंगवाल्यांना एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाड, अन् तुमचा कोर ९ चा. म्हणजे हवेत उडणारा एकच तंतू पिनेच्या तोंडावर बसला की अख्खा रस्ता बंद. टोपी काढली की लगेच पिन बसवा, रिकाम्या पोर्टला टोपी ठेवाच, अन् पुसायला कानातली कापसाची काडी वापरू नका, तंतू न सोडणारा वाइप अन् आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. पिनेत डोळा लावून उजेड आहे का ते पाहू नका, तो दिसत नाही पण डोळ्याचं नुकसान करू शकते.

काचेतून वीज येत नाही हे खरं, पण केबल आर्मर्ड असेल तर तिच्यातलं लोखंड वीज घेऊन येते, ते डबीच्या बाहेरच कापून अर्थिंगला जोडा. काट्यावरचा डबा पत्र्याच्या पेटीत असेल तर मे महिन्यात आत काय होते ते तुम्हाला सांगायला नको, साधे डबे बहुतेक ५० डिग्रीपर्यंतचेच असतात, तिथं ७५ वाला इंडस्ट्रियल घ्या.

प्रश्न : दादा, मी चंद्रपूर जिल्ह्यात शिक्षिका आहे. शाळेत फायबरचं इंटरनेट आलं, त्याचा डबा ऑफिसात आहे. ती वायर काढून कॉम्प्युटर खोलीत नेली अन् एससी पोर्टच्या मीडिया कन्व्हर्टरमध्ये लावली, पिन बसली पण नेट येत नाही. काहून?

उत्तर : ताई, पिन बसली म्हणून दोघांची भाषा जुळली असं होत नाही. ती वायर बहुतेक जीपॉनची असते, हिरव्या टोकाची. तिथं एक फायबर स्प्लिटरनं कित्येक घरांत वाटलेली असते अन् कंपनीचा ओएनटी डबाच (तुमच्या ऑफिसातला) ती भाषा समजतो, साध्या इथरनेटच्या कन्व्हर्टरला ती कळत नाही. वायर होती तशी ओएनटीला परत लावून घ्या. ओएनटीच्या लॅन पोर्टपासून कॉम्प्युटर खोली १०० मीटरच्या आत असेल तर साधी कॅट-६ न्या, कन्व्हर्टर लागतच नाही. त्याच्यापेक्षा लांब असेल तरच तिथून पुढं स्वतःची फायबर अन् कन्व्हर्टरची जोडी, वर भाऊंना सांगितलं तशी.