तो शिपाई परत आला होता

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेबाराचा तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. चीन-जपान युद्ध एका पुस्तकात १९३१ ला सुरू होतं, दुसऱ्यात १९३७ ला, आणि तुझ्या मार्गदर्शक म्हणतात की ते १९३९ च्या महायुद्धात बसव. 'सर, प्रबंध कुठून सुरू करू?' आणि पुढे रडका चेहरा. तो चेहरा आधी पूस. तारखेवरून तू अडलीयस असं तुला वाटतंय, पण खरी गल्लत कारण आणि निमित्त यांत झालीय. त्या गल्लतीत माझाही हात आहे, म्हणून एवढं लांब पत्र.

७ जुलै १९३७ ची रात्र घे. पेइचिंगजवळ लुगौ पूल, ज्याला आपण मार्को पोलो पूल म्हणतो. १९०१ च्या तहानं जपानला तिथं फौज ठेवायची मुभा होती. तिचा रात्रीचा सराव चालू होता. गोळ्यांचे आवाज आले, हजेरी घेतली तर एक शिपाई कमी. वानफिंग गावात शिरून झडती घेऊ द्या, म्हणून जपानी अधिकारी अडून बसले. चिन्यांनी नकार दिला, चकमक उडाली.

आणि तो शिपाई? तो थोड्याच वेळात आपल्या पायांनी परत आला होता.

११ जुलैला तिथल्या स्थानिक सेनाधिकाऱ्यांत समझोताही झाला. त्याच दिवशी तोक्योत पंतप्रधान कोनोएंच्या मंत्रिमंडळानं आणखी फौज पाठवायचं ठरवलं. म्हणजे निमित्त मिटलं तरी युद्ध वाढतच गेलं. का? हे 'का' तुझ्या प्रबंधात असलं पाहिजे. निमित्त एका परिच्छेदात उरक आणि कारणाकडे वळ.

आता माझं पाप. तीस वर्षं मी वर्गात फळ्यावर लिहिलं : 'तात्कालिक कारण – मार्को पोलो पूल प्रकरण.' हा 'तात्कालिक कारण' शब्दच लबाड आहे. निमित्ताला कारणाचा सदरा चढवतो आणि पाच गुण घेऊन जातो. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, शिपाई परत आला तर युद्ध थांबलं का नाही?" मी त्याला खाली बसवलं. म्हणालो, परीक्षेत हे विचारत नाहीत. पोर्शन संपवायचा होता, गॅदरिंग तोंडावर होतं... जाऊ दे, ती सबब झाली. मला उत्तर येत नव्हतं, हे खरं.

त्यानंतर वाचायला लागलो.

१९३१ मध्ये निमित्त चक्क तयार केलं होतं. १८ सप्टेंबरच्या रात्री मुकदेनजवळ, म्हणजे आजच्या शेनयांगजवळ, जपानच्याच रेल्वेमार्गावर जपानी अधिकाऱ्यांनीच स्फोट घडवला. तो इतका फुसका होता की थोड्या वेळानं त्याच रुळांवरून गाडी निघून गेली! आळ चिन्यांवर घातला आणि बघता बघता मांचुरिया, म्हणजे चीनचा ईशान्य भाग, गिळला. बेत कर्नल इतागाकी आणि इशिवारा यांचा. तोक्यो सरकारला विचारलंच नव्हतं, कारण जपानी राज्यघटनेत सेना सम्राटाला बांधील होती, मंत्रिमंडळाला नव्हे. त्यामागे अमेरिकेतली मंदी, कोसळलेले रेशमाचे भाव, हवालदिल झालेली जपानी खेडी, मांचुरियातला कोळसा आणि लोखंड, आणि चीनचा राष्ट्रवादी नेता चांग काई-शेक चीन एक करतोय ही धास्ती. ही कारणं. रुळावरची दारू हे निमित्त. दहादा सांगतो म्हणून कंटाळू नकोस, अकराव्यांदाही सांगेन.

गंमत पुढे आहे. १९३७ मध्ये हाच इशिवारा सेनामुख्यालयात बसून सांगत होता की चीनमध्ये खोल शिरू नका, रुताल. ऐकतो कोण? वरिष्ठांना न जुमानता मुलूख जिंकला की बढती मिळते, हा कित्ता त्यानंच घालून दिला होता. त्याला मुख्यालयातून हलवलं. चांग काई-शेकलाही मागे सरता येत नव्हतं. डिसेंबर १९३६ मध्ये शीआनला त्याच्याच सेनापतीनं त्याला कैद करून सांगितलं होतं की कम्युनिस्टांशी लढणं थांबव आणि जपानकडे बघ.

पुढचा क्रम तुला पाठ आहे. शांघायला तीन महिने रस्त्या-रस्त्यांतून लढाई, १३ डिसेंबरला नानजिंग पडलं आणि मग तिथं जी कत्तल झाली ती. त्यावर लिहिताना विशेषणं वापरू नकोस. 'जपानी मुळातच क्रूर' हे तुझ्या मसुद्यातलं वाक्य खोड, आजच. ते कारण नाही, आळस आहे. जून १९३८ मध्ये चिनी सैन्यानंच ह्वायुआनखौला पीत नदीचा बांध फोडला, शत्रूला अडवायला. त्यात आणि त्यामागून आलेल्या उपासमारीत लाखो चिनी शेतकरी मेले, आणि सरकारनं सांगितलं, जपानी बॉम्बनं फुटला. तिथंही निमित्त तयार!

राजधानी चोंगछिंगला गेली आणि जपान रुतला. रुतलेल्या फौजेला तेल लागतं, ते बहुतेक अमेरिकेकडून यायचं. १९४१ च्या उन्हाळ्यात जपान दक्षिण इंडोचायनात (आजच्या व्हिएतनामच्या बाजूला) घुसला तेव्हा अमेरिकेनं ते तोडलं. चीनमधून निघा म्हणाले, जपान निघेना. मग पर्ल हार्बर. तुझ्या मार्गदर्शकांना हे नीट समजाव. १९३९ च्या खोक्यात हे युद्ध मावत नाही. चीनच्या शिक्षण खात्यानंही २०१७ मध्ये पाठ्यपुस्तकांतलं 'आठ वर्षांचं युद्ध' बदलून 'चौदा वर्षांचं' केलं, म्हणजे सुरुवात १९३७ वरून १९३१ वर नेली, आणि त्यालाही आजच्या राजकारणाची कारणं आहेत, ती शोध.

आपल्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचंही तेच. भाषणात 'सेवाभाव' म्हणतात आणि हार घालतात. चिनी कम्युनिस्टांचे सेनापती जू द यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले, काँग्रेसनं पाच पाठवले, सत्तावीस वर्षांचा हा पोरगा त्यांत गेला. पण बाकीचे परतल्यावर तो का थांबला? १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. नुसत्या सेवाभावानं ते उलगडत नाही.

या हट्टापायी माझं थोडं नुकसानही झालं. 'पुलावरचा गोळीबार हे कारण नव्हे' असं लिहिणाऱ्या एका पोराला मी पाचपैकी पाच दिले. आदर्श उत्तराशी जुळत नाही म्हणून वरच्यांनी त्याचे दोन केले. मी भांडलो, पत्रं लिहिली, पुढे पेपर तपासायला बोलावणं आलं नाही. वाईट वाटत नाही. (थोडं वाटतं. मानधन बरं असायचं.) पण मीच बरोबर होतो.

मागच्या दिवाळीत तो मागच्या बाकावरचा मुलगा बाजारात भेटला. आता त्याचं टायरचं दुकान आहे. मी त्याला तिथंच उभा करून इशिवारापासून तेलापर्यंत सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "सर, पण कुठला शिपाई?"

रविवारी ये. मांचुरियाचा रेल्वेचा नकाशा घेऊन ये, मोठा.

तुझा,
सर