ब्लोअर चालू असताना घेतलेला नमुना

प्रश्न : आमच्या घराशेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी दोन वर्षांपूर्वी गळाली आणि आमच्या तळघरात पेट्रोलचा वास येऊ लागला. पंपमालकाने आमच्या अंगणात पाइप पुरून, ब्लोअरने वाफ खेचून माती साफ करण्याचं काम वर्षभर चालवलं. आता वास येत नाही. 'बेन्झीन (पेट्रोलमधला एक विषारी घटक) आढळले नाही' असा जमिनीतल्या वाफेच्या तपासणीचा अहवाल त्याने आणून दिला आहे. सोबत 'यापुढे माझा कोणताही दावा राहणार नाही' असा कागद आहे. महिनाभरात सही केली तरच ठरलेली भरपाई मिळेल म्हणतो. सही करावी का?

उत्तर : आज करू नका. तुम्ही पाठवलेला अहवाल मी दोनदा वाचला. नमुना घेतला त्या दिवशीही ब्लोअर चालूच होता, हे त्याच्याच जोडपत्रातल्या नोंदीवरून दिसतं. तुमचं सगळं प्रकरण या एका नोंदीवर उभं आहे.

ब्लोअर मातीतल्या पोकळ्यांमधली वाफ सतत ओढून घेत असतो, त्यामुळे तो चालू असेपर्यंत आकडे कमी येणारच. चिकणमातीच्या थरात किंवा भूजलावर तरंगत राहिलेलं पेट्रोल मात्र जागेवरच असतं. ब्लोअर बंद झाला की ते हळूहळू पुन्हा वाफ सोडतं आणि आकडे परत चढतात. म्हणून यंत्रणा बंद करून, काही आठवडे ते काही महिने थांबून पुन्हा नमुने घ्यावे लागतात. तसे नमुने तुमच्या बाबतीत घेतलेलेच नाहीत.

फेरतपासणी मागताना ती कशी व्हावी हेही पत्रात लिहा. नमुने जमिनीखालच्या एकाहून अधिक पातळ्यांवरून आणि तळघराच्या फरशीखालूनही घ्यावेत. जोराच्या पावसानंतर लगेच घेऊ नयेत, कारण ओल्या मातीत वाफेची वाट अडते. प्रोबच्या, म्हणजे नमुना खेचायला जमिनीत घातलेल्या नळीच्या, तोंडाशी हेलियम सोडून गळती तपासावी, नाहीतर वरची हवा आत शिरते आणि नमुना उगाच स्वच्छ दिसतो. बेन्झीनबरोबर ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनही मोजायला सांगा. खाली ऑक्सिजन संपलेला आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला असेल, तर जिवाणू अजून इंधन खात आहेत, म्हणजे इंधन शिल्लक आहे. टाकीत डिझेल असेल तर नुसत्या वाफेवर भिस्त ठेवू नका. डिझेल फारसं उडत नाही, त्यासाठी जमिनीत छिद्र पाडून मातीचाच नमुना काढून तपासावा लागतो. नमुने घेताना तुमचा माणूस हजर हवा आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची लेखी नोंद हवी. पुढे वाद झालाच तर पहिला हल्ला या नोंदीवर होतो.

आता कायदा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १५ खाली मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मागता येते, पर्यावरण पूर्ववत करून मागता येतं. मुदत कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षं. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस मिळू शकतात. तुमची दोन वर्षं गेली आहेत, तेव्हा पंपमालकाने दिलेल्या महिन्याच्या मुदतीने घाबरू नका, पण तुम्हीही स्वस्थ बसू नका. कलम २० प्रमाणे न्यायाधिकरणाला 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व लावावं लागतं. टाकीची गळती कायद्याच्या व्याख्येतला 'अपघात' ठरली, तर कलम १७ नुसार पंपमालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर राहत नाही.

तुमच्यापुढचा कागद ही मजबूत बाजू तुमच्याच हाताने सोडून देतो. तुमच्या सहीने प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकार संपत नाहीत, पण तुमचा स्वतःचा दावा अडचणीत येतो. पैसे घ्यायला माझी हरकत नाही, मजकूर मात्र बदलून घ्या : 'ही रक्कम आजवरच्या नुकसानीपोटी मिळाली. ब्लोअर बंद झाल्यानंतरच्या तपासणीत किंवा पुढे कधीही इंधन वा त्याची वाफ आढळल्यास माझे सर्व हक्क अबाधित राहतील.' पंपमालकाला माती साफ झाल्याची खात्री असेल, तर या वाक्याला नकार देण्याचं त्याला कारण नाही. नकार दिला तर तो लेखी मागा आणि मंडळाकडे तक्रार करा.

या मधल्या काळात तळघरात कोणाला झोपू देऊ नका. बेन्झीनमुळे कर्करोग होतो आणि थोड्या प्रमाणात ते वासाला जाणवतही नाही. वास परत आलाच तर दिव्याचं बटणही दाबू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला कळवा. ब्लोअर कोणत्या तारखेला बंद केला हे पंपमालकाकडून लेखी घेऊन ठेवा. पुढच्या नमुन्याची तारीख त्यावरून ठरेल.