टॉम अँड जेरीचे जुने भाग नंतरच्या भागांपेक्षा इतके सरस का वाटतात? की हा फक्त लहानपणीच्या आठवणींचा परिणाम?

आठवणींचा परिणाम नाही, हे मी ठामपणे सांगतो. मला या कार्टूनांचं वेड आहे, आणि त्यातली कितीतरी मी फ्रेम थांबवून थांबवून पाहिली आहेत. फरक खरा आहे आणि त्यामागे पैशाचा सरळ हिशेब आहे.

जुनी टॉम अँड जेरी टीव्हीसाठी बनलीच नव्हती. ती सात-आठ मिनिटांची कार्टून थिएटरसाठी होती. अमेरिकेत तेव्हा एका तिकिटात बातमीपट, एखादा लघुपट, कार्टून आणि मग मुख्य चित्रपट असा भरगच्च खेळ मिळायचा. समोर फक्त मुलं नसायची. दिवसभर राबून आलेली मोठी माणसंही असायची, आणि त्यांनाही हसवायचं होतं.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओत केलेलं पहिलं कार्टून फेब्रुवारी १९४० मध्ये पडद्यावर आलं. त्यात बोक्याचं नाव जॅस्पर होतं. मांजर-उंदराची गोष्ट फार वेळा झाली आहे, असं म्हणून स्टुडिओला ती पुढे न्यायची नव्हती. मग टेक्सासमधल्या थिएटर व्यवसायातल्या बेसा शॉर्ट नावाच्या बाईंचं पत्र आलं: ही जोडी पुन्हा कधी येणार? पुढे १९५८ पर्यंत हॅना-बार्बेरांची एकूण ११४ कार्टून आली आणि त्यांतल्या ७ कार्टूनांना ऑस्कर मिळालं. ती ऑस्करं निर्माता म्हणून फ्रेड क्विम्बी यांच्या हाती गेली, ज्यांनी चित्रं काढली त्यांच्या नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट, संगीत. एकदा डोळे मिटून एखादं जुनं कार्टून नुसतं ऐका. संगीतकार होते स्कॉट ब्रॅडली, आणि वाजवणारे एमजीएमच्या मोठमोठ्या संगीतपटांत वाजवणारे कसलेले वादक. ही मंडळी स्टुडिओच्या पगारावरच होती, म्हणून सात मिनिटांच्या कार्टूनला असा वाद्यवृंद परवडायचा. पात्रं जवळजवळ बोलतच नाहीत, त्यामुळे पाय सरकण्यापासून शेपटी चिरडण्यापर्यंत सगळं वाद्यांनी सांगायचं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात, म्हणजे सात मिनिटांत दहा हजारांवर. हॅना हालचालींची वेळ संगीताच्या ठोक्यांत मोजून बांधायचे, ब्रॅडली त्या मोजमापावर सुरावट लिहायचे. म्हणून तवा टॉमच्या तोंडावर बसतो तो नेमका समेवर. १९४४ च्या ‘पुटिन ऑन द डॉग’मध्ये कुत्र्याचं खोटं डोकं घालून फिरणाऱ्या जेरीसाठी ब्रॅडलींनी चक्क संगीतकार शोनबर्ग यांच्या पद्धतीची, बाराही स्वरांना सारखाच मान देणारी रचना वापरली. तेव्हाचं सगळ्यात अवघड समजलं जाणारं आधुनिक संगीत, आणि थिएटर त्यावर खदखदून हसत होतं! टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी मात्र खुद्द हॅना यांच्या गळ्यातली.

मग हे बंद का पडलं? १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंना दणका दिला. एका चित्रपटाबरोबर इतर माल थिएटरवाल्यांच्या गळ्यात मारण्याची पद्धत बेकायदा ठरली आणि स्टुडिओंना आपली थिएटरं वेगळी काढावी लागली. कार्टूनसाठी जास्त पैसे मोजायला थिएटरमालक तयार नव्हते, त्यातच घराघरांत टीव्ही आला. जुनी कार्टून पुन्हा लावली तरी जवळपास तेवढीच कमाई होते, हे एमजीएमच्या लक्षात आलं आणि १९५७ मध्ये त्यांनी कार्टून विभागच बंद केला. हॅना-बार्बेरा टीव्हीकडे वळले. तिथे बजेट इतकं तुटपुंजं, की अंग स्थिर ठेवून फक्त तोंड नि हात हलवायचे, मागची तीच ती चित्रं पुन्हा सरकवायची आणि उरलेलं काम संवादांवर सोडायचं. त्या पैशात त्यांनी जे उभं केलं त्याबद्दल मला आदर आहे, पण जुनी जादू त्यात येणं शक्यच नव्हतं.

टॉम अँड जेरी पुढे दुसऱ्यांच्या हाती गेली. १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्राग शहरात १३ कार्टून केली, ती मला विचित्र आणि पोकळ वाटतात. १९६३ ते ६७ मध्ये चक जोन्स यांच्या चमूने ३४ केली. त्यांची रेखाटनं देखणी आहेत, पण पाठलागात धार नाही. १९७५ च्या टीव्ही मालिकेत तर दोघं मित्रच झाले, कारण मुलांच्या कार्यक्रमात मारामारी चालत नव्हती. आपल्याकडे १९९५ नंतर कार्टून नेटवर्कवर हे सगळे काळ एकाच रांगेत दिसू लागले, म्हणून हा गोंधळ होतो. मुंबईच्या जुन्या लोकांना मात्र मूळ रूप ठाऊक असेल: धोबीतलावचं मेट्रो हे एमजीएमनेच १९३८ मध्ये उघडलेलं थिएटर.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. जुन्या कार्टूनांत कृष्णवर्णीयांची चेष्टा आहे. फक्त पाय दिसणारी ती मोलकरीण, किंवा स्फोटानंतर काळं पडलेलं तोंड. त्या काळच्या वर्णद्वेषातून आलेले हे विनोद आहेत. मुलांबरोबर पाहताना ते त्यांना समजावून सांगा.

पाहायचंच तर सुरुवातीच्या पाटीवर फ्रेड क्विम्बी हे नाव असलेली निवडा. ते १९५५ मध्ये निवृत्त झाले. ‘माउस ट्रबल’ (१९४४) आणि ‘द कॅट कॉन्सर्टो’ (१९४७) आधी बघा. दुसऱ्यात टॉम संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांची ‘दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ ही रचना पियानोवर वाजवतो. तिथे पडद्याकडे पाहताना त्याची बोटं कोणत्या पट्ट्यांवर पडतात, तेही नीट बघा.