मुलांमध्ये लवकर वयात येणं किती कॉमन आहे? माझ्या पावणेआठ वर्षांच्या मुलीला छातीत गाठ लागतेय.

जुना आकडा 5 ते 10 हजार मुलांमागे 1 असा सांगतात, त्यात मुलीच कितीतरी जास्त. पण मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरकडे बाहेर बसून बघा, दुसरी-तिसरीतल्या मुली घेऊन आलेल्या आया हल्ली बऱ्याच दिसतात. लॉकडाऊनच्या काळात तर पुण्यात काय आणि इटलीत काय, डॉक्टरांनी केसेस वाढल्याचं नोंदवलंय.

माझी लेक सात वर्षांची असताना आंघोळ घालताना डाव्या बाजूला बटणाएवढी गाठ हाताला लागली, टॉवेल लागला तरी दुखतंय म्हणायची. झालं, नणंदबाईंनी फर्मान काढलं, अंडी-चिकन बंद, पिशवीचं दूध बंद, त्यातल्या इंजेक्शनमुळेच पोरी लवकर मोठ्या होतात म्हणे. आणि सासूबाईंनी खरंच दूध तोडलं हो, वाढत्या पोरीचं! मी कुणाला न विचारता तिला डॉक्टरकडे नेलं. डाव्या हाताचा एक्सरे काढला तर हाडांचं वय दहा निघालं. मग रक्ताच्या टेस्ट, पोटाची सोनोग्राफी, मेंदूचा एमआरआय, सगळं झालं, पण कारण काही सापडलं नाही. मुलींमध्ये बहुतेकदा सापडतच नाही.

महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं तर नणंदबाई चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या, पोरीला पुढे मूलबाळ व्हायचं नाही. हे मला अजून झोंबतं. साफ खोटं आहे ते. इंजेक्शनने वयात येणं फक्त थांबवून ठेवतात, बंद केलं की शरीर आपल्या वाटेने पुढे जातं. न थांबवलं तर हाडं लवकर जुळतात, उंची वाढणं थांबतं आणि आधी वर्गात सगळ्यात उंच दिसणारी मुलगी शेवटी बुटकी राहू शकते. माझ्या लेकीला बाराव्या वर्षी पाळी आली, नियमित आहे, आणि उंचीला ती नणंदबाईंच्या मुलींपेक्षा चांगली वरचढ आहे.

तुम्ही घरच्यांचं ऐकत बसू नका, याच आठवड्यात दाखवा. हां, इंजेक्शन सगळ्यांनाच लागतं असं नाही, आठच्या आसपास सुरू झालं आणि हळू चाललं असेल तर डॉक्टर नुसतं दर काही महिन्यांनी बघतात. मुलगी गुटगुटीत असेल तर कधी नुसती चरबीही असते, ते हाताने तपासूनच कळतं. आणि मुलगा असेल, नऊच्या आत सुरू झालं असेल, तर अजिबात थांबायचं नाही, मुलांमध्ये आत काहीतरी कारण निघण्याची शक्यता जास्त असते.